आधी गाडीची वेळ सांग

लेकरा,

तुझी फाइल मिळाली. सगळे कागद टेबलावर पसरून, चष्मा लावून, एकेक करून पाहिले. आपल्या संभाजीनगरच्या मुकुंदवाडी स्टेशनचा आराखडा कुणी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला घेईल, हे आमच्या पिढीला सांगूनही पटलं नसतं. हात छान आहे तुझा. जिन्याच्या पायऱ्या, छताचा उतार, पावसाचं पाणी कुठून वाहून जाईल, सगळं बारकाईनं केलंयस. पण सोबतचं पत्र वाचलं आणि जीव कळवळला. गाइड म्हणतात, काहीतरी भव्य कर, शहराची ओळख ठरेल असं. वडील म्हणतात, पुण्याच्या फर्मची नोकरी धर, हॉल्टवर, एवढ्याशा थांब्यावर, डोकं कशाला शिणवतेस. मैत्रीण म्हणते, शेंद्रा ते वाळूज मेट्रोची चर्चा चाललीय, मग त्या रुळांचं काय राहिलं. आणि शेवटच्या ओळीत तू लिहितेस, "काका, हे स्टेशन मोठं करायचं की सोडून द्यायचं, मला काहीच कळेना झालंय."

शाबासकी द्यायला हे पत्र लिहीत नाही. तुझ्यात काय आहे ते तुलाही माहीत आहे, मलाही. मी सरळ विचारतो. तुझ्या कागदांवर झाडं आहेत, बाकडी आहेत, कॉफीचं दुकान आहे, काचेचा घुमट आहे. गाडी किती वाजता थांबते, हे कुठे आहे?

एकाही कागदावर नाही. मी दोनदा पाहिलं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार आहे. आधी वेळ, मग इमारत. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेनं, कुणासाठी गाडी थांबते हे ठरल्याशिवाय स्टेशनची एक वीटही कागदावर काढू नये. मी रेल्वेत आयुष्य घालवलं, बहुतेक लहान स्टेशनांवर मास्तर म्हणून. नवी कोरी इमारत आणि रिकामा फलाट मी पाहिलाय. पत्र्याची शेड आणि पाय ठेवायला जागा नाही, असा फलाटही पाहिलाय. दोन्हींत फरक होता तो वेळापत्रकाचा.

तुझ्या पहिल्या कागदावर 'स्टेशनचा इतिहास' म्हणून चार ओळी आहेत. निजामानं रेल्वे आणली, मग रुंदीकरण झालं, मग विद्युतीकरण. हा इतिहास झाला नाही, ही यादी झाली. नीट ऐक.

आपला मार्ग म्हणजे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. १९०० च्या सुमारास तो मीटरगेजनं मनमाडपर्यंत पोचला. साल लक्षात घे, त्याच वेळी इकडे भीषण दुष्काळ होता. रूळ टाकले गेले ते निजामाच्या राज्यातून धान्य आणि कापूस हलवायला आणि हैदराबादला मनमाडमार्गे मुंबईच्या रेल्वेशी जोडायला. जालना, सेलू, परभणी इथला कापूस या रुळांवरून बाहेर पडला, जिनिंगचे कारखाने उभे राहिले. 'जालना सोन्याचा पालना' असं आपण म्हणतो, त्या सोन्यात रुळांचा वाटा मोठा आहे. पण मनमाडला मुंबईकडच्या जीआयपी रेल्वेचे रुंद रूळ, म्हणजे ब्रॉडगेज, आणि आपले अरुंद, म्हणजे मीटरगेज. तिथे माणसानं उतरायचं, मालही उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत चढवायचा. हमालांच्या पाठीवरून मराठवाड्याचा कापूस मुंबईला गेला.

आता यातून तुझ्या कामाचं काय निघतं ते सांगतो. त्या गाड्यांच्या वेळा कशावर ठरायच्या? मनमाडला मुंबईची गाडी कधी मिळते आणि दुसऱ्या टोकाला हैदराबादला कधी पोचायचं, यावर. मधली गावं वाटेत होती म्हणून गाडी तिथे थांबायची. तिथल्या माणसानं सकाळी कामाला जावं आणि संध्याकाळी घरी यावं, असा विचार त्या वेळापत्रकात कधी नव्हताच. औरंगाबादचं स्टेशनही जुन्या तटबंदीच्या शहरापासून लांब, दक्षिणेला झालं. टांगा करूनच जायचं.

पुढे राज्य गेलं. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि आपण सिकंदराबादच्या कारभाराखाली गेलो. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला. पाट्या बदलल्या, साहेब बदलले. वेळापत्रकाची सवय तीच राहिली. आजही मुकुंदवाडीवरून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची वेळ मुंबई, नांदेड किंवा हैदराबाद इथल्या सोयीनं ठरते. मधल्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तू ज्याला 'स्टेशनची उपेक्षा' म्हटलंयस, तिचं मूळ इथे आहे. गळक्या छतात नाही.

मुकुंदवाडी तेव्हा गावाबाहेरचं गाव होतं. मग चिकलठाण्याची एमआयडीसी आली, सत्तरच्या दशकात सिडकोनं नवं औरंगाबाद वसवायला घेतलं आणि बघता बघता रुळांच्या दोन्ही बाजूंना घरं झाली. कामगार, बांधकामावरचे मजूर, बीड-जालन्याकडून दुष्काळात निघून आलेली कुटुंबं. शहर स्टेशनकडे आलं नाही, ते रुळांच्या कडेनं पूर्वेकडे पसरत गेलं. ज्या माणसांना रेल्वेची खरी गरज होती ती मोठ्या स्टेशनपासून लांब आणि हॉल्टच्या दारात राहायला आली. ही एवढी मोठी गोष्ट तुझ्या इतिहासाच्या चार ओळींत नाही, म्हणून मला राग आला.

२०१९ चा दुष्काळ तुला आठवत असेल, तू शाळेत असशील. मुकुंदवाडीची लहान लहान लेकरं शाळा सुटल्यावर कॅन आणि हंडे घेऊन गाडीत बसायची, मोठ्या स्टेशनवर उतरून पाणी भरायची आणि परतीच्या गाडीनं घरी आणायची. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून आले. लोकांनी फोटो पाहिले. मी त्यात गाडी पाहिली. थांबा अगदी थोडा. तेवढ्यात आठ-दहा वर्षांच्या पोरीनं भरलेले कॅन दाराशी सरकवायचे, खाली उभ्या असलेल्या आईनं किंवा भावानं ते झेलायचे, मग पोरीनं पायरीवरून खाली उडी टाकायची. फलाट खाली, डब्याची पायरी वर. गाडी उशिरा आली तर सगळी संध्याकाळ गेली. त्या लेकरांना घुमटाचा काय उपयोग होता? त्यांना वेळेवर गाडी, पुरेसा थांबा आणि डब्याला लागून फलाट हवा होता. यापलीकडे स्टेशनकडून माणूस काय मागतो, मला सांग.

आता हॉल्ट म्हणजे काय ते समजून घे, कारण तुझ्या गाइडनीही ते समजून घेतलेलं दिसत नाही. हॉल्टवर मास्तर नसतो, सिग्नल नसतात, गाडी बाजूला उभी करायची लूप लाइन नसते. तिकीट बहुधा कमिशनवर नेमलेला माणूस विकतो. हॉल्टवर गाडी उभी राहते तेव्हा रेल्वेच्या हिशोबी ती दोन स्टेशनांच्या मधल्या ब्लॉक सेक्शनमध्येच उभी असते. आपला मार्ग एकेरी. ती गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत समोरून दुसरी सोडता येत नाही, मागून लगेच दुसरी आणता येत नाही. थांबा म्हणायला एका मिनिटाचा, पण वेग उतरवणं आणि पुन्हा धरणं यात आणखी वेळ जातो. गाड्या सोडायचं ठरवणाऱ्या कंट्रोलमध्ये बसलेला माणूस तो सगळा वेळ मोजत असतो. म्हणून तुझं 'प्रत्येक गाडीला थांबा द्या' हे वाक्य वाचल्यावर तिथला कुणीही कागद मिटून ठेवील. त्याला दोष देऊ नकोस. एकेरी मार्गावर एका गाडीला दिलेली मिनिटं दुसऱ्या गाडीकडून काढून घेतलेली असतात.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मीटरगेजच्या काळात टोकन असायचं. यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या रिंगेला लावायचा आणि रात्री-अपरात्री, हातात बत्ती घेऊन, रुळांच्या कडेला ती रिंग उंच धरून उभं राहायचं. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हात बाहेर काढून ती दंडात अडकवून न्यायचा आणि मागच्या स्टेशनचं टोकन खाली टाकायचा. तो गोळा हातात असल्याशिवाय पुढच्या स्टेशनपर्यंत गाडी न्यायचा हक्क त्याला नसे. एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणजे एका वेळी एकच गाडी. एकेरी मार्ग म्हणजे काय, हे मला त्या रिंगेनं शिकवलं. कितीतरी रात्री मी पॅसेंजर लूपवर उभी करून ठेवली आणि एक्स्प्रेस पुढे काढली. पॅसेंजरमधली बाई खिडकीतून विचारायची, "मास्तर, कधी सुटंल ओ?" मला उत्तर माहीत असायचं आणि देववत नसे.

म्हणून दुहेरीकरणाची बातमी आली तेव्हा मी घरात पेढे आणले. परभणी ते मुदखेड दुसरा रूळ आधीच झाला आहे. मनमाडकडच्या बाजूचं दुहेरीकरणही मंजूर आहे. आणि ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. तुझ्या कामासाठी यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी नाही आणि तुझ्या फाइलमध्ये तिचा उल्लेख एका तळटीपेत आहे! दुसरा रूळ पडला की येणारी गाडी एका रुळावर, जाणारी दुसऱ्या. मुकुंदवाडीला थांबलेली गाडी समोरच्या गाडीला अडवणार नाही. मार्गावर विजेच्या तारा आधीच आल्यात, म्हणजे मेमू, वेगळं इंजिन न लागणारी विजेवरची लोकलसारखी गाडी, चालवता येते. ती चटकन वेग घेते, चटकन थांबते, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे इंजिन फिरवायची भानगड नाही. लासूर, दौलताबाद, संभाजीनगर, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, जालना. या ओळीवर सकाळ-संध्याकाळ मेमू फिरली तर चिकलठाणा आणि शेंद्रा या दोन्ही औद्योगिक वसाहतींचा कामगार जालना रोडच्या गर्दीतून सुटेल. हे स्वप्न नाही. रूळ टाकले जात असताना मागितलं तर मिळण्यासारखं आहे, नंतर मागितलं तर नाही.

कारण दुसरा रूळ पडतो तेव्हा स्टेशन नव्यानं आखलं जातं. दुसऱ्या बाजूला फलाट लागतो. पादचारी पूल की भुयारी रस्ता, हे तेव्हा ठरतं. फलाटाची लांबी आणि उंची तेव्हा ठरते. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो. त्या उंचीवर गरोदर बाई, म्हातारा माणूस, डबा आणि पिशवी घेतलेला कामगार फारसं न चढता आत जातो. गाडीचा थांब्यातला वेळ वाचतो, म्हणजे पुन्हा वेळापत्रकच सुधारतं. तुझी सगळी हुशारी इथे लाव. कोणत्या बाजूच्या वस्तीतून किती माणसं येणार, भुयारी रस्त्याचं तोंड कुठे उघडायचं, पावसाळ्यात त्यात पाणी साचणार नाही यासाठी उतार कसा द्यायचा, शेअर ऑटो कुठे उभे राहतील, सिटी बसचा थांबा कुठे हलवायचा. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर भुयारी रस्त्यासाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली ते तू त्याच शहरात राहून पाहिलं आहेस.

आणि तो काचेचा घुमट आधी काढून टाक. मराठवाड्यात एप्रिल-मे कसा असतो ते तुला मी सांगू? त्या काचेखाली माणसं भाजून निघतील. कुणाला दाखवायला काढलास तो? परीक्षकांना? परीक्षक मुकुंदवाडीहून गाडी पकडणार नाहीत.

रागावलो का मी? रागावलो. पण तुझ्यावर नाही गं. अशाच दिखाव्यानं माझी एक मैत्री खाल्ली आहे.

आमचा एक प्रवासी मंडळींचा गट होता. सेवानिवृत्त, दुकानदार, दोन प्राध्यापक, एक वकील. शिष्टमंडळं न्यायची, निवेदनं द्यायची. माझा सगळ्यात जवळचा मित्र त्यात पुढे असायचा. एकदा निवेदनाचा मसुदा आला. त्यात स्टेशनचं सुशोभीकरण, प्रवेशद्वारावर कमान, रंगकाम, कारंजं, हे सगळं वर आणि कामगारांच्या वेळेची गाडी सातव्या क्रमांकावर. मी म्हणालो, ती पहिल्या क्रमांकावर घ्या, नाहीतर मी सही करणार नाही. मित्र म्हणाला, "अरे, कमान मागितली तर मिळते, गाडी मागितली तर मिळत नाही. मिळतंय ते घे ना." मी सही केली नाही. गट मला सोडून गेला. मित्रही गेला आणि पुढे जगातूनही गेला. बोलायचं राहूनच गेलं. त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला, पण त्या निवेदनाचा विषय दोघांनीही काढला नाही.

ही रुखरुख मला जन्मभर पुरेल. तरी तुला सांगतो, आज तो मसुदा पुन्हा माझ्यासमोर आला तर आजही मी सही करणार नाही. मागायला सोपं आहे म्हणून मागितलं की देणाऱ्याला वाटतं, यांची भूक भागली. कमान झाली, फीत कापली, फोटो छापून आले. त्यानंतर गाडीचं बोलायला गेलं तर म्हणतात, आत्ताच तर एवढं दिलं की तुम्हाला. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. मी मागितलं ते माझ्यासाठी नव्हतं, मला पेन्शन आहे, पास आहे. सकाळी सातच्या शिफ्टला पोचायचं म्हणून जो पहाटे अंधारात घरातून निघतो त्याच्यासाठी मागितलं. त्यात हट्ट केला नाही तर कशात करायचा?

आणि हा हट्ट आपल्या मातीत आहे. मराठवाड्यानं रेल्वे कधी फुकटात घेतली नाही. गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं, हैदराबाद मुक्तिसंग्रामातून तावून सुलाखून निघालेली, त्यांनी स्वातंत्र्यानंतर या मार्गाच्या ब्रॉडगेजसाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रुंदीकरण ही मागणी होती. ब्रॉडगेज औरंगाबादला पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. त्या लोकांनी काय मागितलं ते बघ. त्यांनी इमारत मागितली नाही. मनमाडला गाडी बदलावी लागू नये, सरळ मुंबईला जाता यावं, हे मागितलं. म्हणजे वेळच मागितला. बीडचं बघ. नगर-बीड-परळी मार्गासाठी लोकांनी पिढ्या घालवल्या, १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडची गाडी सुरू झाली. मी टीव्हीसमोर बसून रडलो, हे तुझ्या काकूला विचार. तरी डोळे पुसल्यावर पहिला प्रश्न तोच, वेळ काय आहे गाडीची?

लातूरजवळचं हरंगुळ तुला माहीत असेल. कोच फॅक्टरी त्याच बाजूला आहे. लातूरबाहेर हरंगुळचं नाव कुणी घेत नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरात पुण्याहून हरंगुळला गाडी सुरू झाली आणि पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या लातूरच्या पोरापोरींच्या तोंडी ते नाव बसलं. तिथे कुणी घुमट बांधला नव्हता.

तू पुण्याला जायचं म्हणतेस, तर तिथलंही बघ. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही स्टेशनं आज गजबजलेली दिसतात ती कारखान्यांच्या माणसाला रोज, ठरल्या वेळी, दोन्ही दिशांना गाडी मिळते म्हणून. आपल्याकडची कितीतरी पोरं त्या लोकलनं कामाला जातात आणि गावी आली की सांगतात, तिकडे काय सोय आहे! सोय म्हणजे काय रे बाबांनो? तिकडच्या स्टेशनांना सोन्याचे खांब नाहीत.

मेट्रोचं म्हणशील तर मेट्रो होवो, माझा आशीर्वाद आहे. पण ती जालना रोडवरून जाणार, तिचं भाडं वेगळं, तिचा प्रवासी वेगळा. करमाड, बदनापूर, जालना इथून येणाऱ्या माणसाला मेट्रोचा उपयोग शहरात शिरल्यावरच. त्याला शहरात आणणार रेल्वेच. मेट्रो येईल म्हणून हॉल्ट सोडून द्यायचा हा विचार ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचा आहे.

आता एक कटू गोष्ट, जी तू कुठेच लिहिली नाहीस. करोनात पॅसेंजर बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा स्पेशल म्हणून, कमीत कमी भाडं १० रुपयांवरून ३० वर गेलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० वर आलं. पण तोवर माणसं ऑटोकडे, दुचाकीकडे गेली. ज्या पोरानं कर्ज काढून मोटारसायकल घेतली तो भाडं कमी झालं म्हणून परत फलाटावर येत नाही. आणि दुसरं, हॉल्टवरून चढणारी पुष्कळ माणसं तिकीटच काढत नाहीत. रेल्वे नवा थांबा देते तो सहसा प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिने. मग तिकीटविक्री पाहते. शंभर माणसं चढली आणि वीस तिकिटं विकली गेली, तर कागदावर वीसच माणसं आहेत. २०१७ पासून स्टेशनांची वर्गवारीही प्रवासी आणि उत्पन्न पाहून होते, हॉल्टांचा वेगळा गट आहे. म्हणजे बिनतिकीट चढणारा माणूस स्वतःच्याच स्टेशनची गाडी घालवतो. हे त्या लोकांना तोंडावर सांगायला लागतं. मी सांगितलंय. दोन शिव्या खाल्ल्या, पण काही बायका दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभ्या दिसल्या.

तर तू आता काय करायचं? सबमिशनला अजून वेळ आहे. घुमट जाईल, कॉफीचं दुकान जाईल, त्याची हळहळ धरू नको. पहिला कागद वेळापत्रकाचा कर. आज कोणत्या गाड्या थांबतात, कोणत्या न थांबता जातात, ते मोठ्या अक्षरात. त्याच्या शेजारी चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या कंपन्यांच्या शिफ्टच्या वेळा. त्याच्या खाली कॉलेजं, दवाखाने, मोंढा यांच्या वेळा. दोन्हींमधली फट डोळ्यांना दिसली पाहिजे. दुसऱ्या कागदावर दुहेरीकरणानंतरचं तुझं प्रस्तावित वेळापत्रक, मेमूच्या फेऱ्यांसह. ते करताना अडशील, कारण समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग, प्रत्येक गाडीला रुळावर मिळणारी मोकळी वेळ, डबे उभे करायची जागा हे सगळं आड येईल. अडलीस की फोन कर. मला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. तिसऱ्या कागदापासून इमारत सुरू होऊ दे. आणि मग बघ, प्रत्येक भिंत आपोआप आपली जागा सांगते की नाही. फलाट किती लांब हवा ते डब्यांची संख्या सांगेल. शेड किती हवी ते एका गाडीला किती माणसं थांबतात त्यावरून कळेल. दिवे कुठे हवेत ते पहाटेच्या पहिल्या गाडीवरून.

गाइड म्हणतील, हे आर्किटेक्चर नाही. त्यांना म्हणावं, मग स्टेशन हा विषय मंजूर का केलात? नको, असं नको म्हणू. नम्रपणे सांग की प्रवासी आणि वेळ हा माझ्या डिझाइनचा पाया आहे. पण हलू नकोस.

नोकरीचं वडिलांशी मी बोलेन. त्यांचं चूक नाही, घर चालवणाऱ्या माणसाला असंच वाटणार. पुण्याला जायचं तर जा, पोटापाण्याचं आधी बघायला हवं, मी तुला इथे अडकवून ठेवणार नाही. माझी एवढीच विनंती आहे की जायच्या आधी मुकुंदवाडीच्या फलाटावर प्रवाशांची मोजणी कर. ती कुणीच केलेली नाही. निवेदनं ढीगभर आहेत, मोजलेली माणसं कुठेच नाहीत. दुहेरीकरणाचे नकाशे पक्के व्हायच्या आत कुणाच्या तरी टेबलावर त्या मोजणीचा तक्ता पोचला पाहिजे. टेबल कोणतं ते मी पाहीन, ओळखी अजून आहेत थोड्या.

मोजणी सोमवारी आणि शुक्रवारी कर, शिवाय एक आठवडी बाजाराचा वार घे. सणाचा आठवडा टाळ, आकडे फुगतात. एकटी जाऊ नकोस, दोघी जा, एकीनं चढणारे मोजायचे, एकीनं उतरणारे. प्रत्येक गाडीसाठी वेगळी ओळ. ठरलेली वेळ, आलेली वेळ, किती चढले, किती उतरले, त्यात बायका किती, खिडकीवर तिकिटं किती विकली. शेवटचा आकडा खिडकीवरचा माणूस देईल न देईल, चहा पाजून विचार. मोबाइलवरून तिकीट काढणारेही असतात, म्हणून चढणाऱ्यांना विचारत जा, कुठे उतरणार आणि तिथून पुढे कशानं जाणार. त्यांना नावं विचारू नकोस, लोक बिचकतात. वही साधी चालेल, हातानं रेघा मारलेली. पहिल्या दिवसाचं पान झालं की फोटो काढून मला पाठव, म्हणजे रकाने बरोबर पडलेत का ते मी बघतो. पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर ठेव, त्या फलाटावर दुपारी सावली नाही.

तुझा,
काका